पेन्सिलीने

पिवळं कार्ड आलंय, कोपऱ्यात पंजाचा ठसा.
‘प्रिय मॉट, तुझ्या लसीची वेळ झाली.’
मॉटने ते हुंगलं, एकदा चाटलं,
आणि पुन्हा शेगडीपाशी जाऊन पडला,
तेरा वर्षांचा, एका डोळ्यात ढग.

चौसष्ट पौंड. मागच्या वर्षी अठ्ठावन्न होते.
मी कार्ड फ्रिजवर लावलं, मग काढलं,
मग ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं.
डब्याखालून त्याचा एक पिवळा कान दिसत राहिला.

एम्रिस म्हणतो, धंदा आहे हा सगळा.
तुला लहानपणी टोचलं ते अजून पुरतंय ना,
मग कुत्र्यालाच दरवर्षी का?
माझा भाऊ आहे, आणि प्रश्न काही वेडगळ नाही.
पण हाच एम्रिस लंगड्या मेंढ्यांच्या खुरांना
लसूण चोळायचा.
मेंढ्या लंगडतच राहिल्या,
फक्त अंधारातही कुठे आहेत ते कळायचं.

अंगणातल्या ॲशखाली मी दोन कुत्री पुरलीत.
नेलची लस राहून गेली होती.
आई अंथरुणाला खिळलेली, तारखा कोण बघतंय,
पाच दिवस पोरीच्या पोटातून नुसतं रक्ताचं पाणी.
बेसला वेळेवर दिली, अगदी त्याच दिवशी.
संध्याकाळपर्यंत थोबाड सुजून डोळे मिटले.
म्हातारे प्राइस डॉक्टर रात्री दोनला आले,
स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसले,
पहाटे म्हणाले,
लाखात एखाद्याला होतं असं, मेरेरिद.

मी पुष्कळदा मांडून पाहिलाय तो हिशेब.
लाख कुत्री माझ्या अंगणात मावत नाहीत.
माझ्याकडे दर वेळी एकच असतं.

गुरुवारी नेलं तरीही.
प्राइसच्या जागी आता येस्टिन आहे.
सात वर्षं मी त्याला शाळेच्या बसमधून ट्रेगॅरनला आणलं,
सात वर्षं तो पुलाच्या वळणावर ओकला.
अशा माणसासमोर मान तुकवायला
जरा वेळ लागतो.

औषधकंपनीवाले काय देतात रे तुला?
पेनं, म्हणाला. कॅलेंडरं. एकदा कार्डिफमध्ये जेवण.
कसं होतं?
मासा कोरडा होता.

आणि तुझ्या घरच्या कुत्रीला किती वर्षांनी टोचतोस?

तो हातमोज्याचं बोट ओढत राहिला.
मोठी लस तीन वर्षांनी.
उंदरांच्या रोगाची मात्र दरवर्षी, ती नदीत उतरते ना.
यंदाची...
यंदाची मार्चमध्ये होती. विसरलोय.
बाहेर ऑक्टोबर संपत आला होता.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही.
पोलादी टेबलावर मॉटची नखं टकटकत होती.
त्याचा भरवसा माझ्यावर,
माझा, म्हटलं तर, या ओकणाऱ्या पोरावर,
त्याचा कुठल्याशा छापील कागदावर,
आणि कागद लिहिणाऱ्याचा कोणावर
ते मला कोणी सांगितलेलं नाही.
या सगळ्या रांगेच्या शेवटी एक कुत्रं,
नाक माझ्या बाहीत खुपसून.

मॉट अजून तेइफीच्या पाण्यात पोटापर्यंत जातो.
गोठ्यात उंदीर आहेत, रात्री ऐकू येतात.
तेवढीच दे, म्हटलं. मोठी राहू दे.
त्याने वाद घातला नाही. घालायला हवा होता का?
सुई मी पाहिली नाही,
खिडकीबाहेरचा एक लाल ट्रॅक्टर पाहिला.

मग अर्धा तास गाडी सुरूच केली नाही.
त्याचं थोबाड बघत बसले, ओठ, पापण्या,
कानामागे हात घालून ऊब मोजत.
अर्धवट सँडविच हातात घेऊन येस्टिन बाहेर आला,
काचेतून त्याच्याकडे वाकून पाहिलं,
काही न बोलता आत गेला.
पाच मिनिटांनी पुन्हा आला.

घरी त्याने दिलेलं कॅलेंडर उघडलं.
पुढल्या वर्षीचा ऑक्टोबर त्यात नाही.
डिसेंबरखालच्या कोऱ्या पट्टीवर
पेन्सिलीने लिहिलं:
मॉट, उंदरांची.
आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरात:
येस्टिनला त्याच्या कुत्रीचं विचारणे.